उघाडीवरचं कुलूप

मी मुळात तापट. त्यात खाडीकाठी वाढलेली, म्हणजे बोलायला लागले की पलीकडच्या बांधावर ऐकू जातं. त्या आषाढात तर माझा पारा चढलेलाच होता, कारण आमच्या उघाडीला सरकारने कुलूप लावलं होतं.

उघाडी म्हणजे खारबांधातलं दार. भरतीला ते बंद ठेवायचं, नाहीतर खाडीचं खारं पाणी भातात शिरतं. ओहोटीला उघडायचं, म्हणजे शेतात साचलेलं पावसाचं पाणी निघून जातं. घरटी पाळी लावून गावच हे काम करत आलं. मग कुणीतरी कोळंबीच्या लोभाने गुपचूप खारं पाणी आत घेतलं, बोंबाबोंब झाली आणि खात्याने नवीन लोखंडी दार बसवून त्याला साखळी-कुलूप घातलं. चावी तालुक्याच्या ऑफिसात. शेतं आमची, बांध आमच्या आज्यापणज्यांनी घातलेला, आणि दार उघडायला परवानगी!

आईची लावणी नुकतीच आटपली होती आणि पाऊस थांबायचं नाव घेईना. रोपांचे शेंडेसुद्धा बुडाले. त्या दुपारच्या ओहोटीला पाणी निघालं नसतं तर सगळी रोपं कुजली असती, आणि नवी आणायची कुठून? आम्ही ऑफिसात फोनवर फोन केले. शेवटी अधिकारी स्वतः आले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, चिखलात घसरत, हातात चावी.

चावी फिरेना. खाऱ्या वाऱ्याने कुलूप आतून गंजलं होतं. कुणी खोबरेल ओतलं, कुणी डिझेल. कुलूप ढिम्म. तिकडे ओहोटी सरत चाललेली. मी भावाच्या ट्रकमधला घण आणून उगारला, तर आईने माझं मनगटच धरलं.

"थांब गो. सरकारी हाय त्ये." मग ती अधिकाऱ्यांकडे वळली. "साएब, तुमीच तोडा. आमी तोडलं तर गुन्हा, तुमी तोडलं तर काम."

सगळे हसले. अधिकारीही हसले, पण जरा बिचकतच. त्यांनी रेनकोट काढून घण हातात घेतला. पहिला घाव दारावर बसला, दुसरा कशावरच नाही. कुठे मारायचं ते बांधावर जमलेल्या बायका ओरडून सांगत होत्या, प्रत्येकीचं वेगळं. अखेर कुलूप तुटलं. त्यांनीच दाराचं चाक फिरवून ते वर घेतलं आणि पाणी असं धडाडून सुटलं की आम्ही बांधावर अक्षरशः नाचलो. हळूहळू आईच्या रोपांचे हिरवे शेंडे वर दिसायला लागले. आई नुसती बघत राहिली. मला मात्र आनंदाने रडूच आलं.

तेवढ्यात दारापाशी धरलेल्या जाळ्यात चांगला हातभर जिताडा आला. आईने तो उचलून अधिकाऱ्यांपुढे धरला.

"नको, नको," ते मागे सरले. "आम्हाला भेट घेता येत नाही, मावशी."

"भेट कोन देतंय? जो उघाडी उघडील त्याचा पैला मासा. गावाचा कायदा हाय. तुमचा कायदा आमी पाळला, आता आमचा तुमी पाळा."

मग चिखलाचे हात शर्टाला पुसून त्यांनी जिताडा दोन्ही हातांनी घेतला. त्या माणसाला मान द्यावासा मला तेव्हा पहिल्यांदा वाटला.

"साहेब," मी म्हणाले, "घरी चला. कालवण आई करील."