वाटीवरचे दोन ठोके

ती बाई पहिल्या दिवसापासून माझ्या डोक्यात गेली. माझा धाकटा भाऊ अठ्ठेचाळीसचा आहे. बोलणं नाही, चालणं नाही, स्वतःच्या हातानं घास नाही. आई गेल्यावर मी त्याला अशाच माणसांना सांभाळणाऱ्या संस्थेत ठेवलं. त्याच्या खोलीत सहाजण, आणि सहांचं करायला ही बाई एकटी. मी तिला फौजदारीण म्हणायचे. एकोणीस वर्षं मोठमोठ्या माणसांना आंघोळी घालून कंबर कामातून गेलेली, जीभ मात्र शाबूत. "महिन्यातून एकदा येता आणि सासूसारख्या उभ्या राहता," असं तोंडावर म्हणायची.

भरवतानाही तोच तोरा. प्रत्येक घासाआधी चमचा वाटीवर दोनदा आपटायची, टक टक, कुत्र्याला बोलवावं तसं. माझं टाळकं फिरलं. भावाला दमदाटी करते, अशी लेखी तक्रार दिली. आठवड्यात तिला घरी बसवलं. खरं सांगते, मला बरं वाटलं.

पुढच्या महिन्यात गेले, तर भावाची गालफडं बसलेली. नवी बाई गोड बोलणारी. "काय करू ताई, तोंडच उघडत नाहीत." व्यवस्थापक म्हणाले, सोमवारी पोटात नळी घालावी लागेल, सहीला या.

नाक मुठीत धरून फौजदारणीच्या घरी गेले. तिनं दार अर्धंच उघडलं. भाऊ घासाला तोंडच उघडत नाही, असं मी सांगितलं.

"वाटी वाजवतात का?" तिनं विचारलं.

"नाही."

"मग त्याला कळणार कसं? दिसतं कुठं त्याला आता? न सांगता चमचा घातला की ठसका लागायचा, म्हणून तोंड मिटून घ्यायचा. तीन महिने लागले मला त्याला ते ठोके शिकवायला."

"दिसत नाही, हे मला कुणी सांगितलंच नाही."

"तुम्ही विचारलंत कधी?"

"परत याल का?"

"दमदाटी करते म्हणून शिक्का मारलाय माझ्यावर, तुमच्याच सहीनं. आता तुम्हीच वाजवा." तिनं दार लावलं.

रविवारी मी वाटी घेऊन भावासमोर बसले. चमचा दोनदा आपटला. त्याचं तोंड लगेच उघडलं. दुसऱ्या घासाला तो हसला, खुर्चीत हलायला लागला. माझ्यासमोर तो असा कधीच हसला नव्हता. त्याला वाटलं, ती आली. वाटी संपेपर्यंत मी तोंडातून एक शब्द काढला नाही.