सुटकेसवरची वेराआजी

स्टेशनवर कुणी आपल्याच सुटकेसवर टेकलेलं दिसलं, की मी आजही गोंधळतो.

सायबेरियातल्या एका गावात मी मिशनरी होतो. थंडी अशी, की ‘आमेन’साठी उघडलेलं तोंड चहा ओतल्याशिवाय मिटत नसे. शेजारची वेराआजी दर रविवारी उपासनेला यायची, चहाचा समोवार रिकामा करायची. पण प्रार्थनेत तिचे ओठ हललेले मी काय, देवानेही पाहिले नसतील.

मी नगरला परत निघालो, त्या दिवशी पुन्हा व्हिसा मिळेल याची खात्री नव्हती. दारात गाडी घुरघुरत होती आणि ही बाई माझ्या सुटकेसवर अशी बसली, की सुटकेस बिचारी कण्हली.

“तुम्हीही बसा, पाद्रीबाबा. निघण्याआधी घडीभर गप्प बसायचं. नाहीतर माणूस परत येत नाही.”

“आजी, ही अंधश्रद्धा! त्यापेक्षा आपण प्रार्थना...”

“गप्प म्हटलं ना! किती बोलता हो!”

बसलो. माझी जीभ एवढा वेळ स्वस्थ राहिलेली माझ्या आईलाही आठवत नसेल. आजीचे डोळे मिटलेले होते आणि ओठ हलत होते. थंडीने म्हणावं, तर चुलीने खोलीची भट्टी झालेली.

“काय म्हणत होतात?”

“तुम्हाला कशाला? ज्याला सांगायचं त्याला सांगितलं.”

मग देवाची ओळख मी इतकी वर्षं कुणाला करून देत होतो?

आमच्याकडे निघताना ‘जातो’ म्हणत नाहीत. “येतो, आजी,” मी म्हणालो. ती माझी अंधश्रद्धा होती की प्रार्थना, ते अजून ठरत नाही.