तलावाचं पेज कोणी लिहायचं

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो असं घरचे म्हणतात आणि ते खोटं नाही. मी जवाहरनगरच्या क्वार्टरमध्ये वाढले, वडील तिथल्या ऑर्डनन्स फॅक्टरीत होते. तिथे बस वेळेवर सुटायची आणि पास नसेल तर गेटवर साहेबालाही आत सोडत नसत. नियम म्हणजे नियम, हे तेव्हापासून माझ्या हाडात मुरलेलं. म्हणून लाखांदूरच्या आमच्या लहानशा संस्थेत टीमसाठी नवीन सॉफ्टवेअर आलं आणि ॲडमिन कोण होणार असा प्रश्न निघाला, तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. भिडेपोटी "बघू" न म्हणणारी ऑफिसात मी एकटीच होते.

आमचं काम जुन्या गावतलावांचं. गाळ काढायचा, पाळ, म्हणजे तलावाचा बांध, दुरुस्त करायची आणि पाणी वाटायला गावाची समिती उभी करायची. सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक तलावाचं एक पेज होतं. उद्या कोणत्या भागातल्या बांध्यांना, म्हणजे धानाच्या शेतांना, पाणी मिळणार, हे त्या पेजवर लिहिलेलं असायचं. गावचा पाणकर, म्हणजे तलावाचं गेट उघडून पाणी सोडणारा माणूस, संध्याकाळी मोबाइलवर पेज पाहायचा आणि त्याप्रमाणे गेट फिरवायचा. पेजवर जे लिहिलं तेच पाणी.

कोणाला ते पेज नुसतं पाहता येईल आणि कोणाला त्यात लिहिता येईल, हे मी ठरवायचं. वाटलं, यात काय अवघड. पण ज्या गावाची ही गोष्ट आहे, तिथल्या पहिल्याच बैठकीत समितीचे अध्यक्ष म्हणाले, "मॅडम, घरच्या मोठ्या मानसाले लिवाची परवानगी नाई देली, त त्याचा मान काय राह्यला?" आमच्याकडे लग्नात मानाचा दुपट्टा द्यायचा एखादा सोयरा राहिला तर त्याची नातवंडंसुद्धा टोमणे मारतात. इथेही तेच झालं. एकाला हक्क दिला, मग त्याच्या चुलत्याला, मग चुलत्याच्या व्याह्याला. ज्यांच्याकडे बटणांचा साधा फोन होता त्यांनाही एडिटचा हक्क हवा होता, आणि मी दिलासुद्धा.

पाऊस पडत होता तोवर कोणी पेज उघडून पाहिलं नाही. मग ऐन धान निसवायच्या वेळी पावसाने दडी मारली. लोंब्या बाहेर पडताना बांधीत पाणी नसेल तर दाणा भरत नाही, पोचट राहतो. तलावात पाणी जेमतेम होतं. सकाळी पेजवर एक क्रम असायचा, जेवणवेळेपर्यंत दुसरा, चहाला तिसरा. पाणकर बिचारा फोन हातात धरून पाळीवर उभा राहायचा. वरून कोणी ओरडायचं "खोल", खालून कोणी ओरडायचं "बंद कर". एक दिवस गेटपाशी दोघा भाऊबंदांनी एकमेकांवर फावडी उगारली. लोक मध्ये पडले म्हणून निभावलं.

आमचे समन्वयक म्हणाले, आजच्या आज पेज लॉक करा. मी केलं. अध्यक्ष आणि सचिव यांनाच लिहिण्याचा हक्क ठेवला, बाकी सगळ्यांना फक्त पाहण्याचा. त्या दोघांच्याही बांध्या तलावाला लागून, वरच्या अंगाला होत्या. हे मला माहीत होतं, पण पदाधिकारी तेच होते, मी तरी काय करणार. दिवसभर फोन वाजत राहिला आणि मी तो उचलला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने एक बाई ऑफिसात आल्या. त्या गावच्या समितीतल्या सदस्य होत्या, मी त्यांना मावशी म्हणायचे. गावाच्या शेवटाला बौद्ध घरांची वस्ती आहे, तिथे त्यांचं घर, आणि त्यांच्या वस्तीच्या बांध्याही पाटाच्या शेवटाला. मीही बौद्ध, हे माझ्या आडनावावरून अख्ख्या गावाला ठाऊक होतं. मावशी खुर्चीवर बसल्या नाहीत. फोन माझ्यासमोर धरला. उद्याची पाळी त्यांच्या वस्तीची होती, ती खोडून अध्यक्षांनी तिथे लिहिलं होतं, "शेवटची वस्ती: पाणी उरल्यास."

"उरल्यास मनजे काय, पोरी? निसवलेलं धान वाट पाह्यते का?"

मी माझा नियम सांगितला. पेज सगळ्यांना सारखंच दिसतं, कोणापासून काही लपवलेलं नाही, तक्रार असेल तर बैठकीत मांडा. मावशींनी ऐकून घेतलं.

"पाह्याची परवानगी त माह्या आजीलेई होती," त्या म्हणाल्या. "तलावाच्या काठावर उभी राहून पाह्येच ते. हात लावाची नोती."

माझीही आजी कुठल्यातरी काठावर अशीच उभी राहिली असणार. आमच्या क्वार्टरमध्ये नळ होता, म्हणून मला तो काठ कधी दिसला नाही. मला लाज वाटली, आणि लाज वाटली की मला आधी रागच येतो.

समन्वयकांना फोन लावला. ते भंडाऱ्याला मीटिंगमध्ये होते. "मी येईपर्यंत काही बदलू नका, विषय नाजूक आहे," म्हणाले आणि फोन ठेवला. तो ठेवते न ठेवते तोच अध्यक्षांचा आला; मावशी इकडे आल्याचं गावात कळलं होतं. "मॅडम, लॉक तुमीच केलं न? आता आपल्या मानसायसाठी खोलान त गाव काय मनन?"

तळपायाची आग मस्तकात गेली. पण खरं सांगायचं तर भीतीही वाटली. नोकरी कंत्राटी होती. शिवाय मी लाखांदुरात बसणार, राहायचं मावशींना त्या गावात होतं. मी त्यांना विचारलं, हक्क दिला तर गावात त्रास होईल का?

"तरास आता नाई होऊन राह्यला का? दे तू."

एकट्या मावशींना दिला नाही. वरच्या भागाचे अध्यक्ष होतेच; मधल्या भागातल्या एका सदस्याला आणि शेवटच्या वस्तीसाठी मावशींना हक्क दिला, सचिवांचा काढला. मावशी माझ्या कॉम्प्युटरच्या पडद्याकडे पाहत होत्या. "हे तू उद्या काढून घेशीन का?"

"नाही."

"आन तू गेल्यावर नवी बाई येईन, ते काढन का?"

जो देतो तो काढूनही घेऊ शकतो, हे ॲडमिन असून माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. मग मी त्या तिघांना पेजचे मालकच केलं. म्हणजे यापुढे कोणी लिहायचं ते तेच ठरवणार.

मग मावशी कॉम्प्युटरसमोर बसल्या. एका बोटाने, अक्षर शोधत, त्यांनी लिहिलं: शेवटची वस्ती उद्या, वरच्या बांध्या परवा. लिहून झालं आणि पेजच्या कोपऱ्यात अध्यक्षांचं नाव उगवलं, म्हणजे त्यांनीही पेज उघडलं होतं. आमच्या डोळ्यांदेखत ती ओळ गेली आणि "पाणी उरल्यास" परत आलं. मावशींनी पुन्हा लिहिलं. त्यांनी पुन्हा पुसलं. तिसऱ्यांदा पुसलं तेव्हा मी फोनकडे हात नेला. मावशींनी माझा हात बाजूला केला आणि आपल्या फोनवरून त्यांना लावला.

"भाऊ, तुमी पुसान, मी लिवीन. पाणकर पेज पाहून पाहून थकन आन गेट खोलनच नाई. माही बांधी वाळन, त तुमचीई वाळन."

त्यांनी फोन ठेवला नाही. मी आणि मावशी पडद्याकडे बघत बसलो. मावशींनी चौथ्यांदा लिहिलं. अध्यक्षांचं नाव कोपऱ्यात तसंच होतं, जाईना. मला वाटलं आता पुसतात, आता पुसतात. मग ते नाव गेलं आणि ओळ राहिली.

दुसऱ्या दिवशी पाणी शेवटच्या बांधीपर्यंत पोहोचलं. मावशींनी फोन करून सांगितलं, तेव्हा मी ऑफिसात सगळ्यांसमोर रडले. समन्वयकांनी मला खडे बोल सुनावले, तेही त्याच दिवशी.

पुढच्या आठवड्यात त्या पेजवरचं एक शीर्षक नीट करायला गेले, तर अक्षर उमटेना. वर लिहून आलं, "तुम्ही हे पेज फक्त पाहू शकता." माझा भडका उडाला. हे काम अध्यक्षांचंच, दुसरं कोणाचं असणार? ॲडमिन म्हणून मागच्या दाराने शिरता आलं असतं. पण आधी मावशींना फोन लावला आणि अध्यक्षांचं नाव घेऊन खूप बोलले.

"भाऊले काहून शिव्या देतं?" मावशी म्हणाल्या. "मीच काढलं तुहं नाव. तिघायनं मिळून ठरवलं."

"माझं? काहून, मावशी?"

"तुही बांधी हाय का इथं?"

मी म्हटलं, "नाही."