डाव्या हाताने चढवलेला टायर

आमच्या ह्यांचं रामनगरात सायकलचं दुकान. दुकान म्हणजे बसथांब्याजवळची पत्र्याची टपरी. लग्न होऊन खानापूरकडून इथं आले तेव्हा मला त्याचं काडीचं कौतुक नव्हतं, खरं सांगते. मग एकदा डबा द्यायला गेले आणि ह्यांना नवा टायर चढवताना पाहिलं. नवा घट्ट टायर किती हट्टी असतो ते ज्यानं चढवलाय त्यालाच ठाऊक. सगळी कड रिममध्ये बसते आणि शेवटची वीतभर बाहेर राहते, काही केल्या आत जात नाही. हे ती दोन अंगठ्यांनी ढकलायचे, तव्यावरची पोळी उलटावी इतक्या सहज. लोखंडी पट्टी होती ह्यांच्याकडे, पण ती फक्त टायर काढायला. "काढाय पट्टी, चढवाय बोटं," म्हणायचे. पट्टीनं चढवायला गेलं की ट्यूब चिमटते आणि गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी शिव्या घालत परत येतं. त्या दिवशी मी डबा ठेवून तिथंच बसून राहिले.

दोन वर्षांपूर्वी ह्यांच्या अंगावरून वारं गेलं. पाय सुधारला, बोलणं सुधारलं, उजवा हात काही सुधारला नाही. तरी हे दुकान उघडायचे. हवा भरायची, पंक्चर काढायचं, तेवढं डाव्या हातानं जमायचं. नवा टायर घेऊन कुणी आलं की मात्र "उद्या या" म्हणायचे. उद्या कोण येतंय?

एकदा मलाच राग आला. जुनं चाक घरी आणलं आणि म्हटलं, बघतेच कसा चढत नाही ते. हत्यार कुठलं? उलथनं. जोर लावून लावून चढवला एकदाचा, पंप मारला, तर फुस्स. ट्यूबला शेजारी शेजारी दोन भोकं, साप चावल्यासारखी. हे पोट धरून हसले. आजारपणानंतर पहिल्यांदा हसले म्हणून मीही ऐकून घेतलं.

पण दुसऱ्या दिवसापासून ते चाक अंगणातून हललं नाही. हे रोज संध्याकाळी त्याच्याशी झटायचे. पेचकस घेतला, टोक धारदार म्हणून टाकला. बांबूची कांब तासून घेतली, ती वाकली. प्लास्टिकची पट्टी पहिल्याच दाबाला मोडली. शेवटी बेळगावहून पोलादी पट्टी मागवली, तिची जीभ कानसेनं घासून गुळगुळीत केली, गालावर फिरवून बघितली. हत्यार पसंत पडलं, पण टायर चढेना. एका बाजूनं बसवला की दुसऱ्या बाजूनं उसळून बाहेर. तिथं धरायला दुसरा हात लागतो, आणि तोच नव्हता. मी धरते म्हटलं तर अंगावर आले.

महिना असाच गेला आणि माझा धीर सुटला. एक मोबाइलवाला टपरी मागत होता. ह्यांना न विचारता मी त्याला शब्द देऊन टाकला, सोमवारी या आणि ताबा घ्या म्हणून. चाकापुढं हरून बसलेला माणूस मला बघवत नव्हता, दुसरं काही नाही.

त्याच आठवड्यात, बाजाराच्या दिवशी, मी डबा घेऊन टपरीवर गेले होते तेव्हा नंदिगड्ड्याचा एक शेतकरी आला. सायकल घरीच. नुसतं चाक आणि नवाकोरा टायर घेऊन बसनं आलेला. त्यानं मलाच विचारलं, "अक्का, आज हुईल न्हवं? दोनची बस हाय माजी." मी न्हाई म्हणणार, तेवढ्यात हे म्हणाले, "ठेवा चाक."

जुन्या ट्यूबच्या दोन लांब पट्ट्या ह्यांनी कापून खिशात ठेवल्या होत्या, मला पत्ता नाही. चाकाच्या ट्यूबमध्ये थोडी हवा भरून ती टायरच्या आत बसवली. वॉल्वच्या समोरच्या बाजूनं कड घालत घालत आले, आणि जिथं ती उसळते तिथं दोन्हीकडं टायर आणि रिम मिळून ट्यूबच्या पट्टीनं आवळून बांधली. गाठ दातांनी ओढली. मग चाक गुडघ्यांत धरून तळहातानं कड रिमच्या मधल्या खोलगट भागात दाबत दाबत सगळा ढिलेपणा वॉल्वकडं आणला. घाम नाकावरून गळत होता. वीतभर राहिलं. पोलादी पट्टी लावली, निसटली. पुन्हा लावली, पुन्हा निसटली. तिसऱ्यांदा माझा हात आपोआप पुढं गेला. मी तो मागं घेतला आणि दोन्ही हात पदराखाली धरून बसले. असं बसणं किती कठीण असतं, बाई, काय सांगू.

ह्यांनी शेवटची कड एकदम नाही, दोन दोन बोटं उचलली. दर वेळी खाली ट्यूब अडकली नाही ना ते बघायचं, मगच पुढं. टक् झालं आणि टायर बसला. हवा भरली, फुस्स झालं नाही. शेतकऱ्यानं चाक फिरवून बघितलं, "बरं हाय," म्हणाला आणि बसकडं पळाला. त्याला काय माहीत त्यानं काय नेलं. एवढा हुशार माणूस माझ्या नशिबी आला, असं मला त्या घडीला वाटलं, आणि टपरीवर दुसऱ्याला बसवायला निघालेल्या माझीच मला लाज वाटली.

चहा घेताना हे माझ्याकडं न बघता म्हणाले, "मघाशी तू हात घातला असतास न्हवं, तर उद्यापास्नं मी दुकानात आलो नसतो बघ."

मी मागच्या बाजूला गेले आणि त्या मोबाइलवाल्याला फोन करून न्हाई म्हणून सांगितलं. तो बराच वेळ बोलला, ऐकून घेतलं. ह्यांना यातलं आजवर सांगितलेलं नाही. आता हे वाचून कळेल. कळू दे.