दोन वेण्यांचा फोटो

माझ्या भावाने आणि आमच्या मराठी मंडळाच्या सेक्रेटरीने माझ्या भाचीला फसवलं. ती चोवीस वर्षांची होती, तिला रक्ताचा कॅन्सर होता, आणि तिच्यासाठी लोकांना बोलावताना या दोघांनी तिचा लहानपणचा, शाळेतला फोटो लावला. तिला न विचारता.

हे मी रागाने लिहीत नाही. बंगळूरजवळच्या बोम्मसंद्र्यात माझा राग सगळ्यांना माहीत आहे. तिथल्या कारखान्यांचं भंगार, लोखंडाचा कीस, पत्र्याची कात्रणं विकत घेऊन पुढे विकायची, हा माझा धंदा. भाऊ निपाणीहून आधी आला, सरकारी कारखान्यात इंजिनियर झाला, मल्लेश्वरममध्ये घर केलं. मी नवरा गेल्यावर आले आणि भंगारात शिरले. सुपरवायझर मला अक्का म्हणतात आणि भाव सांगताना एक पाऊल मागे सरकून उभे राहतात. पण तो राग आता शोधला तरी सापडत नाही. भाव करते, ओरडतेसुद्धा, आणि आपलंच ओरडणं शेजारच्या शेडमधून यावं तसं ऐकू येतं.

अण्णाला, म्हणजे भावाला, हॉस्पिटलचा वास सहन व्हायचा नाही, वहिनी तिथे पोचली की रडायला लागायची, म्हणून केमोला भाचीबरोबर मी जायचे.

"पेशंट एल्ली, अक्का?" नवीन नर्स आली की मलाच विचारायची, पेशंट कुठे आहे म्हणून. भाची हजेरी द्यावी तसा हात वर करायची. शेजारच्या खुर्चीतले आजोबा तिला म्हणायचे, "कुणाला घेऊन आलीस, बाळ?" ती म्हणायची, "मलाच."

खालच्या मजल्यावर लहान मुलांचा वॉर्ड होता. तिथल्या भिंतींवर हत्ती आणि ससे रंगवलेले, आणि कॉलेजची मुलं लाल नाकं लावून खेळ करायला यायची. लिफ्टचं दार तिथे उघडलं की ती बघत राहायची.

"आत्या, माझ्यासाठी कोण नाक लावणार? मी ससाही नाही आणि म्हातारीही नाही."

"मी लावते. भंगारात पडलंय एखादं."

"तुझं आधीच लाल असतं."

मग डॉक्टरांनी सांगितलं की औषधाने भागणार नाही, दुसऱ्या कुणाच्या तरी मूळपेशी लागतील. धाकट्या बहिणीच्या जुळल्या नाहीत. परक्याच्या जुळणं अवघड, पण आपल्याच भागातल्या, आपल्यासारख्याच घरांतल्या माणसाच्या जुळायची आशा थोडी जास्त. गालाच्या आतून कापसाची काडी फिरवून द्यायची, एवढंच काम. वयाची अट होती, त्यात मी बसत नव्हते. म्हणून मंडळाचं शिबिर ठरलं. हॉलच्या मॅनेजरशी घासाघीस करून हॉल मी मिळवला, खुर्च्या आणि पंख्यांसकट.

लोकांना काय सांगायचं ते भाचीने स्वतः लिहिलं होतं. फोटोही दिला होता, डोक्याला पिवळा स्कार्फ आणि गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र. खाली मजकूर: "मी चोवीस वर्षांची आहे. मला ब्लड कॅन्सर आहे. तुमची दया नको, गालातली थोडी लाळ हवी आहे." सेक्रेटरी वाचून हसले होते. "छान आहे," म्हणाले होते.

शिबिराच्या सकाळी मी ऑटोतून उतरले तर हॉलच्या दारावर फ्लेक्स. दोन वेण्या, लाल रिबिनी, पुढचा दात पडलेला. "या चिमुकलीला वाचवा." वय नाही. लाळ नाही.

अण्णा तिथेच उभा होता.

"हे काय आहे?"

"फोटो आहे. तिचाच आहे, खोटा कुठे आहे?"

"तिने दिलेला कुठंय?"

"हळू बोल. धाकटीचं सांगलीला चाललंय. ते लोक येऊन बघून गेलेत. हिचा आत्ताचा फोटो फ्लेक्सवर लागला तर संध्याकाळपर्यंत सांगलीत पोचेल. घरात असलं दुखणं आहे कळलं तर कोण करेल तिला?"

"म्हणून हिला लहान केलंस?"

सेक्रेटरी मध्ये पडले. "ताई, स्वल्प ऐका माझं. अनुभव आहे मला. लहान मूल दिसलं की लोकांचं काळीज हलतं. चोवीस वर्षांची मुलगी दिसली की पहिला प्रश्न, लग्न झालंय का. आज गर्दी बघाच तुम्ही."

तेवढ्यात भाची दुसऱ्या ऑटोतून उतरली. तिने फ्लेक्सकडे मान वर करून पाहिलं, वेळ लावून, ओळखीचं कुणी दिसावं तसं. "हा रिबिनींचा दिवस मला आठवतो," एवढंच म्हणाली, आणि आत जाऊन नोंदणीच्या टेबलामागे बसली. काड्यांची पाकिटं तिलाच वाटायची होती. ते तिने आधीच मागून घेतलं होतं.

गर्दी खरंच झाली. रांग जिन्यापर्यंत गेली. लोक फुगे घेऊन आले होते, रंगांच्या पेट्या, चॉकलेटं. पुढे असलेल्या एका बाईंच्या हातात बाहुली होती.

"बाळ कुठंय?" त्यांनी भाचीला विचारलं. "आधी तिला भेटू दे, मग हे."

"मीच ती."

"अगं, फोटोतली."

"फोटोतली मीच. मोठी झाले."

बाईंनी बाहुली पिशवीत घातली. मग ते बरं दिसेना म्हणून परत काढली आणि टेबलावर ठेवली. त्यांनी काडी गालात फिरवून दिली. पण त्यांच्या मागे कुजबुज सुरू झाली होती आणि ती रांगेतून मागे जिन्यापर्यंत गेली.

एका गृहस्थांनी मोठ्याने विचारलं, "फोटोच असा असेल तर बाकीचं काय काय असेल? फॉर्मवर फोन नंबर कशाला पाहिजे?"

"आधी काडी, मग रक्त, मग किडनीपण मागतील," मागून कोणीतरी म्हणालं, आणि थोडं हसणं झालं. रांग मागून सुटायला लागली, माणसं जिना उतरून जाऊ लागली.

मी ओरडले. नेहमीसारखी, पूर्ण आवाजात ओरडले. त्याने जे थांबले होते त्यांतलेही काही गेले.

ही माणसं वाईट नव्हती. मला ते माहीत आहे, कारण मीही तेच करते. पोत्यात वरती तांब्याची तार दिसली आणि खाली हात घातल्यावर दुसरं काही लागलं, तर मी उरलेलं पोतं बघत नाही. खालचा माल चांगला असेल, मला हवाही असेल. मी उठते. धंद्यात हे शेंबड्या पोरालाही कळतं. माझ्या इंजिनियर भावाला कळलं नाही.

परतताना बाहुली तिच्या मांडीवर होती. सिग्नलला ऑटो थांबली तेव्हा ती म्हणाली, "आत्या, भाव पडला ना माझा?"

मी बाहुलीचा वर गेलेला फ्रॉक खाली ओढला.

ज्यांनी काडी दिली त्यांच्यातल्या कुणाचं जुळलं नाही. बाहेरच्या नोंदींतूनही जुळणारं कुणी मिळालं नाही. ती गेली तेव्हा खोलीत मी होते. मी तिच्या स्कार्फची गाठ सारखी केली, नर्सला बोलावलं, खाली जाऊन अण्णाला फोन केला. मग चहा प्यायले. तो गोड होता की नाही, आठवत नाही.

सांगलीची माणसं भेटायला आली. खरं काय ते त्यांना आता कळलंच होतं. मुलाची आई वहिनीजवळ खाली बसली, बराच वेळ तिचा हात धरून होती. मग म्हणाली, "आम्हाला सांगायचं की हो. माझी दोन्ही पोरं आली असती. गाव गोळा करून आणलं असतं. काडीच द्यायची होती ना?"

अण्णा भिंतीकडे बघत होता. धाकटी उठून आत गेली. तिने ते स्थळ नाकारलं नाही, होकारही दिला नाही. अजून दिलेला नाही.

परवा सेक्रेटरींचा फोन आला. मंडळ यंदा तिच्या नावाने शिबिर घेणार आहे. "ताई, तोच फोटो ठेवू, वेण्यांचा. लोकांच्या ओळखीचा झालाय आता." मी "सरी" म्हणाले, बरं म्हणतात तसं, आणि फोन ठेवला.

फोनवर बोलले नाही ते आता इथे लिहून सांगते. तो फोटो लागणार नाही. पिवळ्या स्कार्फचा लागेल, खाली तिचाच मजकूर, लाळेसकट. आणि काड्या वाटण्याआधी सेक्रेटरी आणि माझा भाऊ त्या टेबलामागे उभे राहतील आणि सगळ्यांसमोर सांगतील की मागच्या वेळी जी माणसं जिना उतरून गेली, ती कुणामुळे गेली. अण्णा, त्यांच्यात तिचा जुळणारा माणूस नव्हताच, असं तुला छातीवर हात ठेवून म्हणता येतं का? येत असेल तर तिथे म्हण. मी पहिल्या खुर्चीवर बसलेली असेन. उत्तर मिळाल्याशिवाय उठणार नाही.