उपटून पाहिलेली गाजरं

गाजर वाढतंय की नाही हे बघायला ते उपटायचं नसतं, ही गोष्ट मला वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी समजली. तोवर मी साठ-सत्तर उपटून पाहिली होती.

मी जालन्यात नोकरी करतो. शेती केदारखेड्याला. ती माझे थोरले भाऊ, म्हणजे दादा, आणि वहिनी बघतात. मी सल्ले पुरवतो. (खत महागलं, बियाणं महागलं, माझा सल्ला मात्र अजून फुकट आहे.) यंदा वहिनींनी अर्धा एकर गाजर पेरलं. विहीर होळीला तळ दाखवते, त्याआधी हाती लागणारं हे शेवटचं पीक. त्यामुळे वहिनींचा सगळा जीव त्यात. आणि मी तिथे मोबाईलवरच्या ज्ञानासकट समुद्री शेवाळाच्या अर्काचा कॅन घेऊन हजर झालो.

"पाण्यातून दिलं की मुळं खोल जातात, वहिनी. कमी पाण्यातही पीक तग धरतं. बिलकुल सेंद्रिय."

वहिनींनी झाकण उघडून वास घेतला. "आपल्या हिरीला धड घागरभर पाणी न्हाई, अन् तुम्ही समुद्र घेऊन आले."

"दहा वाफ्यांवर तरी करून बघू."

"अन् बिघडलं मंग?"

"मी जबाबदार."

हे वाक्य मी ऑफिसात वीस वर्षांत एकदाही उच्चारलेलं नाही. इथे का उच्चारलं, देव जाणे. आमच्या वहिनी ओरडत नाहीत, नुसत्या बघतात. एकदा त्यांनी असं बघितलं आणि दादांची तंबाखू कायमची सुटली. त्या तेव्हा दादांकडे बघतही नव्हत्या, मागच्या म्हशीकडे बघत होत्या.

अर्क मी लेबल वाचून, मोजून दिला. महिन्याभरात त्या दहा वाफ्यांचा पाला असा माजला की बांधावरून जाणारा माणूस थांबून बघायचा. मी छाती फुगवून उभा होतो, तेवढ्यात दादा म्हणाले, "वर तर लई झालंय. खाली काय हाय, कोणाला ठावं."

झालं. ती रात्र मी छताकडे बघत काढली. वर नुसता पाला आणि खाली उंदराचं शेपूट निघालं तर?

पुढच्या रविवारी मोटारसायकल काढली, केदारखेडा गाठलं, वाफ्यात बसलो आणि एक गाजर हळूच उपसलं. पेन्सिलीएवढं. गाजर परत भोकात घातलं, माती अंगठ्याने दाबली. पुढच्या रविवारी दुसरीकडची पाच बघितली. त्याच्या पुढच्या रविवारी, खात्री असावी म्हणून, वीस.

बुधवारी वहिनींचा फोन. "भाऊजी, तुमच्या वाफ्यातलं गाजर माना टाकून राह्यलं."

"सगळं?"

"न्हाई. इथं एक, तिथं एक. आमच्या बाजूचं बराबर हाय. तुमच्याच औषधाचं मरून राह्यलं."

आता मला सांगा, घाबरलेला माणूस काय करील? रविवारी पहाटेच गेलो. मुळं सडली आहेत का हे बघायला चांगली ठणठणीत चाळीस झाडं उपटली, काही सडलेलं नाही असं पाहून सुटकेचा निःश्वास टाकला आणि सगळी परत लावली. बुधवारपर्यंत तीही गेली.

वहिनींनी निर्णय घेतला. रोग पलीकडच्या वाफ्यांत शिरायच्या आत हे दहा वाफे मोडायचे. रविवारी सकाळी माती घुसळणारा रोटाव्हेटर लावलेला ट्रॅक्टर बांधावर येऊन उभा राहिला. दादांनी शेवटचा उपाय म्हणून बदनापूरहून ओळखीचे, पिकांचे जाणकार असे एक सर बोलावले होते. मी वहिनींच्या नजरेच्या टप्प्याबाहेर, बाभळीच्या आडोशाला.

सरांनी सुकलेलं झाड धरलं. ते हात लावताच वर आलं. शेजारचं हिरवं झाड मात्र जोर लावून उपटावं लागलं; खाली वीतभर लांब, लालभडक गाजर.

"औषधाने काही बिघडलेलं नाही," सर म्हणाले. "उलट पोसलंय छान. ही सुकलेली कोणीतरी आधी उपटली आहेत. बारीक मुळ्या तुटल्यात सगळ्या."

"डुक्कर आसंल," दादा म्हणाले.

"डुक्कर परत लावत नाही. हा बघा अंगठा."

मातीवर माझा अंगठा स्वच्छ उमटलेला होता. दादा वाकून बघू लागले. मी हात खिशात घातला. तिकडे ट्रॅक्टरवाल्याने इंजिन चालू केलं आणि रोटाव्हेटर वाफ्यावर टेकवायला घेतला. आता गप्प बसलो तर दहा वाफे चांगलं गाजर मातीत जाणार; बोललो तर मी.

"थांबा," मी म्हणालो. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. "ते... मी बघत होतो. वाढतंय का ते."

वहिनी वाफ्यात बसल्या, बोटाने चिमूटभर माती बाजूला सारली आणि गाजराचं लाल डोकं उघडं केलं. एवढंच करायचं असतं म्हणे. माती परत सारखी करून त्या उठल्या आणि माझ्याकडे बघितलं. (त्या दिवसापासून माझी तंबाखू सुटली असती, पण मी खातच नाही.)

मग त्यांनी ट्रॅक्टरवाल्याला हात केला. "जा बाबा परत. सापडला रोग."

"कोणता निघाला, काकू?" त्याने इंजिनाच्या आवाजात ओरडून विचारलं.

"जालन्यात नोकरीला हाय," वहिनी म्हणाल्या. "रविवारी सुट्टी असती त्याला."