तुळईला बांधलेला सोल

मनुबाईबद्दल रघुवीरला खरं म्हणजे फार थोडं माहीत होतं. ती हिंडलग्याची, डोक्यावर भाजीची पाटी घेऊन बेळगावात चालत येणारी, वांगी विकायची पण स्वतः कधी खायची नाही. तिला मुलं किती, हे त्यानं सहा वर्षांत एकदाही विचारलं नाही. तिच्या बैलाचं नाव मात्र त्याला ठाऊक होतं, पाखऱ्या. म्हातारपणी कुणी तिचा विषय काढला की तो दोन वाक्यांत अडखळायचा आणि चौतीस सालच्या दसऱ्याकडे वळायचा. तेवढं तरी त्यानं डोळ्यांनी पाहिलं होतं.

त्या वर्षी चैत्रात त्याच्या आईला, अंबुबाईंना, अर्धांगाचा झटका आला. डावी बाजू लुळी पडली. रघुवीर कचेरीत कारकून. बायको वारलेली, मूलबाळ नाही. दिवसभर आईजवळ कोण बसणार? धारवाडहून थोरला भाऊ शरच्चंद्र आला आणि त्यानं निकालच दिला, "घराला कुलूप लाव. आईला मी नेतो."

अंबुबाईंचं तोंड वाकडं झालं होतं, तरी शब्द स्वच्छ आले. "मी माझ्या घरातून हलणार नाही."

शेवटी शरच्चंद्रानं मुदत घातली. दसऱ्यापर्यंत आई स्वतःच्या पायांनी दारापर्यंत आली तर राहू दे, नाहीतर टांगा घेऊन येतो.

रघुवीरनं गल्लीतल्या एका बाईंना विचारलं, कुणी पगारी माणूस मिळेल का. त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. "पैसे टाकून आईची सेवा? अहो, लोक काय म्हणतील?" त्यानंतर त्यानं कुणाला विचारलंच नाही.

मग एका सकाळी मनुबाईनं पायरीवर पाटी उतरवली आणि आत डोकावली. "अण्णा, आक्का निजूनच का हाईत?"

"बघायला माणूस नाही."

"मग म्या काय म्हस हाय व्हय? भाजी नवाच्या आत इकून हुतीया. सांजच्याला घरला जाईन. भाकरी माझी मी आणीन. पर एक हाय. आक्कास्नी म्या उचलून ठेवणार न्हाय. त्यांचं त्यांनी उठायचं."

पगार ठरला. दुसऱ्या दिवशी ती पाटीत भाजीखाली बैलगाडीचा सोल घेऊन आली, मनगटाएवढा जाड दोर. स्टुलावर चढून तिनं तो तुळईला बांधला आणि खालचं टोक अंबुबाईंच्या उजव्या हातापाशी सोडलं.

"हे काय गं?"

"आमचा पाखऱ्या भाताच्या चिखलात बसला हुता, आक्का. लोक म्हणाले, गेला. आम्ही पोटाखालनं पोतं घालून तुळईला टांगला, भाताच्या वाळल्या काडानं, पिंजरीनं, पाय चोळलं. महिन्यानं उभा ऱ्हायला. अजून औत वडतोय."

पहिले दोन दिवस अंबुबाईंनी तिला अंगाला हात लावू दिला नाही. सोवळं आडवं आलं. तिसऱ्या दिवशी अंथरूण ओलं झालं, रघुवीर कचेरीत होता. अंबुबाईंनी थोडा वेळ भिंतीकडे पाहिलं आणि हाक मारली, "ये बाई, धर."

आषाढात अंबुबाई दोराला धरून बसू लागल्या. श्रावणात पाय खाली सोडू लागल्या. मनुबाई पाय चोळायची आणि टोमणेही मारायची, "पाखऱ्याला एवढा उशीर लागला न्हवता हं." शेजारी विचारायचे, भाजीवाली दिवसभर तुमच्याकडे काय करते? रघुवीर मान खाली घालून सांगायचा, "केर-पाणी." अंबुबाई ते आतून ऐकायच्या.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी टांगा दारात थांबला. शरच्चंद्र आत आला, त्याची नजर थेट वर गेली. "रघू, हा बैलाचा दोर? आईला गोठ्यात ठेवलंयस की काय?"

"मग तुझ्या धारवाडच्या पलंगाला बांधून घेऊ?" अंबुबाई म्हणाल्या.

"आणि ही बाई कोण?"

दारात शेजारची चार माणसं जमली होती. 'केर-पाणी' हा शब्द रघुवीरच्या जिभेवर आला होता. तो त्यानं गिळला.

"दादा, या मनुबाई. आईला बघतात. मी त्यांना पगार देतो." आवाज चिरका निघाला, पण सगळ्यांना ऐकू गेला.

अंबुबाईंनी दोर धरला. अंगाला झोका देऊन उभ्या राहिल्या. दोर सोडून खुंटीवर हात, खुंटीवरून भिंत. डावा पाय जमिनीवरून फरफटत होता. मधे आधार नसलेली दीड हात जागा होती. शरच्चंद्र पुढे धावला.

"धरू नका, सायेब," मनुबाई म्हणाली. "पडल्या तर म्या हाय."

त्या पडल्या नाहीत. चौकट दोन्ही हातांत आली, लुळा हातसुद्धा लाकडावर टेकला. घामानं कपाळ निथळत होतं, डोळे मात्र लखलखत होते.

"शरू, टांगेवाल्याला चहा विचार. उन्हात आलाय बिचारा. मी काही येत नाही."

शरच्चंद्र उंबऱ्यावरच बसला. थोड्या वेळानं त्यानं मनुबाईला विचारलं, "सगळ्यात आधी काय केलंत?"

"काय न्हाय. स्टूल मागितलं."

अंबुबाई पुढं सहा वर्षं त्याच घरात राहिल्या. सहा दसऱ्यांचं सोनं त्यांनी दारात उभं राहून वाटलं. गेल्या त्याही आपल्याच खाटेवर. चौदाव्या दिवशी मनुबाई आली. ती वर तुळईकडे बघत उभी होती.

"अण्णा, सोल काढून न्हिऊ का? पिंजर आणायची हाय."

"ने की. गाठ सुटेल ना?"

"मीच मारलीया. स्टूल धरा तेवढं, हलतंय."

"धरलंय."